इतिवृत्तात न आलेलं

तेवीस वर्षं मी या संघाची चिटणीस.
केंटकीच्या डोंगरांत बारा खोरी, बारा मंडळ्या, वही एक.
दर ऑगस्टात प्रत्येक मंडळीचं पत्र येतं,
मी ते उभी राहून वाचते:
बाप्तिस्मा एक. मृत्यू चार.
नाव कमी करून गेले दोन, ओहायोला, कामासाठी.
पाळक तेच. छप्पर तेच. गळतीही तीच.
मग कुणी म्हणतं, पत्र स्वीकारावं,
कुणी दुजोरा देतं,
हात वर होतात.

यंदा स्पायसवुडचं पत्र
विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहून आलं.
जुलैत ओढा रात्री दोन वाजता
दार न वाजवता चर्चमध्ये शिरला
आणि जाताना सगळे बाक घेऊन गेला.
थर्मन कॉडिलचं अक्षर, पेन्सिल दाबून:
'आम्ही एकोणीस. सगळे जिवंत.
उभे राहून गातो.
मागणं काही नाही.'

यावर ठराव काय मांडणार?
हात मांडीवरच राहिले.
दुपारी, घेवड्याच्या पातेल्यापाशी रांगेत,
ओकली म्हणाला, आमच्याकडे एक बाक जास्तीचा आहे.
खोटं बोलत होता.
त्यांच्याकडे जास्तीचं
कधीच काही नव्हतं.

मग बाक निघाले.
पिकअपच्या मागे उताणे, पाय आभाळाकडे,
धुळीत लोळणाऱ्या खेचरांसारखे.
एक ओकचा, दोघांना न उचलणारा.
एक हिरवा रंगवलेला, बंद पडलेल्या शाळेतला.
कोल्डवॉटरला आता तिघीच उरल्या आहेत.
मिस अर्झेला म्हणाली,
आम्ही तिघी एका बाकावर मावतो,
दुसरा कुणासाठी पुसत बसू?

हिकरी गॅपवाले स्पायसवुडशी
एका पियानोवरून एक्क्याऐंशी सालापासून बोलत नाहीत.
त्यांचा बाक रात्रीच येऊन पडला.
चिठ्ठी नाही.
सकाळी पायरीवर ताज्या वार्निशचा वास,
आणि आखूड पायाखाली चामड्याचा तुकडा,
चार बारीक चुका मारून
नीट बसवलेला.

वहीत 'देणगी' असा रकाना आहे.
त्यात डॉलर लिहायचे असतात.
मी अकरा लिहिले,
मग खोडले, बेरीज चुकत होती.

ऑक्टोबरच्या पाचव्या रविवारी आम्ही सगळे तिथे गेलो.
भिंतीवर कमरेच्या वर चिखलाची रेघ,
धुऊनही न गेलेली.
अकरा बाक, अकरा उंचीचे.
बसलेल्या डोक्यांची ओळ
मागच्या डोंगरासारखी वरखाली.
पोरांचे पाय लोंबत होते,
थर्मनचे गुडघे हनुवटीला.
उठा म्हटलं की कुणी आधी उठे, कुणी मागून,
आणि गाणंही तसंच:
एकानं ओळ सांगायची,
बाकीच्यांनी ती ओढत ओढत चढाला न्यायची.
पियानोचा विषय कुणी काढला नाही.
अजूनही काढलेला नाही.

आमच्या मंडळीचा बाक डावीकडून तिसरा.
त्याच्या कडेला अंगठ्याएवढी खाच आहे.
लांबलेल्या प्रार्थनांच्या वेळी बर्ल
खिशातल्या चाकूनं ती कोरत असे,
डोळे मिटून, वर्षानुवर्षं.
मी कोपरानं ढोसायची.
हा बाक द्यायचा ठरला तेव्हा
मीही हात वर केला.
खाचेची आठवण तेव्हा झाली नाही,
असं मी बहिणीला सांगितलं.
झाली होती.

तिथे एक मुलगी बसली होती,
नऊ-दहा वर्षांची, पाय हलवत,
बोट खाचेत.
माझ्याकडे न बघता थोडी सरकली.
म्हणाली, बसा, इथे जागा आहे.

मी पाहुणी म्हणून बसले.